आठ फुटांची पेटी

बनुबाई : ...ती करवत खाली ठेवा आदी. मग काय बोलायचं ते बोला.

गुंडा : आगं, पाच बोटं कापायची नुस्ती. पाच बोटं! पाय मुळापास्नं तोडत न्हाई मी.

बनुबाई : पाच न्हाई आनि एक बी न्हाई. त्या घोडीला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते.

गुंडा : क्रांते, तू तरी सांग तुज्या आईला. वाईस्नं आलीयास तवापास्नं ते इंग्रजी पुस्तक घिऊन बसलीयास. काय लिवलंय त्यात? वाच बगू मोट्यांदा.

क्रांती : मला मधे ओढू नका हं आप्पा. मी फक्त वाचून दाखवणार. भांडण तुमचं तुम्ही करा.

गुंडा : भांडतंय कोन? वाच.

क्रांती : 'होडी जोडण्याआधी कामाची जागा तयार करा.' जमीन सपाट हवी आणि कोरडी. होडीच्या चारी बाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे. धूळ, भुसा, जळमटं काही नको, नाहीतर डिंक धरत नाही. दोन लाकडी घोड्या घ्या, त्यांच्यावर फळ्या टाका. घोड्यांची उंची काम करणाऱ्याच्या कमरेइतकी ठेवा.

गुंडा : कमरंइतकी! ऐकलंस? आनि ही माज्या बरगड्यास्नी लागतीया. एवड्या उंचावर हाताचा दाब कसा बसायचा? उद्या पान्यात जायाची हाय ती. सांदा कच्चा ऱ्हायला तर?

बनुबाई : त्येच्या कमरंला बराबर बसत हुती.

गुंडा : व्हय गं. बसत हुती.

बनुबाई : मग? बांदावरची बाभळ वठली तवा मी म्हनले, जळनाला हुईल. तर न्हाई म्हनला. चिरून आनली, ही घोडीची जोडी केली. म्हशी इकल्यापास्नं हा गोटा मोकळाच पडलाता, तर पलूसला कामावनं सुटला की रोज हितंच. खाली कोबा केला, ट्यूब लावली, पावसाचं पानी आत येऊ ने म्हनून दाराला उंबरा बांदला. मी च्या घिऊन आले तर घोडीला टेकून उबा. म्हनला, "आय, बग, कमरंला बसली. आता पाट दुखायची न्हाई." एवडं बोलला हुता ह्या घोडीपाशी. आनि तुमी तिचं पाय कापाय निगालाय.

गुंडा : ते सा फूट उंच हुतं, मी साडेपाच. मी काय करू?

बनुबाई : उंच व्हा.

गुंडा : हां! पासष्टाव्या वर्साला! फौजेनं बावीस वर्सं रगडला, तवा एक बोट वाडलो न्हाई. आता तू वाडव.

क्रांती : बरं, घोडीचं राहू दे. पेटीचं काय करायचं? आठ दिवस झाले शेजारच्या अतिशयदादानं टेंपोतून आणून टाकलीय. अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. ऊन किती आहे बघा. आतल्या पातळ फळ्या वाकल्या तर मग काहीच जुळायचं नाही. निदान आत तरी घेऊ.

गुंडा : आदी जागा तयार हुं दे. मग सामान. आमाला असंच शिकिवलंय.

बनुबाई : जागा! आठ दिस जागाच तयार करत्यात. झाडून झालं. फिनेल घालून धुऊन झालं, दोनदा. जळमटं काडली. भिंतीचं पोपडं खरडलं, चुना दिला. काल मी बगितलं तर झाडलेलं परत झाडत हुते. पर त्या पेटीला एकदा बी हात लावला न्हाई यांनी. अतिशय म्हनला, काका, एका बाजूनं धरा, आत ठिवूया. तर म्हनले, ऱ्हाऊ दे भाईर.

गुंडा : भाईर काय वाईट हाय? ताडपत्री घातलीया की.

क्रांती : आप्पा, एक विचारू? राग मानू नका. ही होडी आता कशाला बांधायची? ज्यानं मागवली तो...

गुंडा : म्हनूनच बांदायची. तुला म्हाईत न्हाई, महापुरात तू वाईला हुतीस. आमी दोन दिस स्लॅबवर बसलो. तुज्या आज्जीला ताप भरलेला, अंगावर वली वाकळ. ऋषी पान्याच्या कडंला उबा ऱ्हाऊन हाका मारतोय, हाका मारतोय. होडी आली तिसऱ्या दिशी. आज्जीला मिरजंत नेली, ती काय परत आली न्हाई. तवापास्नं त्येनं डोस्क्यात घेतलं. आपल्या दारात आपली होडी पायजे. दुसऱ्याची वाट बगत बसायचं न्हाई.

बनुबाई : खुळं हुतं. मी म्हनायची, आपुन काय कोळी हाय व्हय? तर म्हनायचा, आय, शिकायला काय लागतंय. पुस्तक बगून करायची. केरळातली मानसं फळ्या कापून धाडत्यात, आपुन नुस्ती जोडायची.

क्रांती : जोडायची म्हणजे शिवायचीच आहे. हे चित्र बघ. फळ्यांच्या कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं दोन फळ्या शेजारी शेजारी शिवायच्या. मग सांध्यात डिंक भरायचा. तो वाळला की तार ओढून काढायची.

बनुबाई : शिवायची? वाकळंगत?

क्रांती : अगदी तशीच. टाके सारख्या अंतरावर हवेत.

बनुबाई : मग त्ये काय हे करणार! यांचा टाका म्हंजे एक सांगलीत, एक साताऱ्यात. तार मी घालीन.

गुंडा : घाल. तुलाच घालायची हाय. पर आदी काम सुरू तरी हुं दे. बुदवारी वरीसश्राद्द हाय त्येचं. त्येच्या आदी मला पयल्या दोन फळ्या जोडल्याल्या पायजेत. म्हनून म्हनतोय, घोडी कापू दे.

बनुबाई : घाई लय झालीया आता.

गुंडा : म्हंजे?

बनुबाई : म्हंजे काय न्हाई. एक वर्सामागं बी हीच पेटी हुती. तवा घाई न्हवती.

क्रांती : एक वर्षामागं? आई, पेटी तर आत्ता आली ना? आप्पांनी मागच्या महिन्यात अतिशयदादाला सांगून मागवली.

बनुबाई : परत मागिवली. परत. आदी एकदा येऊन गेलीया ती. इचार बापाला, गेल्या साली त्या मंगळवारी सकाळच्या पारी दारात कोन आलतं.

गुंडा : ...तुला कसं ठावं?

बनुबाई : चुलीम्होरं भाकरी थापत हुते मी. कान हायत मला. पांडरी गाडी, दोन गडी. म्हनले, "ऋषिराज गुंडा घाडगे हितंच ऱ्हात्यात का?" तुमी म्हनला, "ऱ्हात्यात. पर हे आमचं न्हाई. परत न्या." त्यो पोरगा म्हनला, "काका, पत्ता हाच हाय, पैसं बी भरल्यात, नुस्ती सई करा." तर तुमी त्येच्या अंगावर वराडला. एवडं वराडला, माजी भाकरी करपली.

क्रांती : म्हणजे... थांब. मंगळवारी आप्पांनी पेटी परत पाठवली. आणि गुरुवारी ऋषी... ऋषी सांगलीला कशाला गेला होता आई? तुम्ही तर मला सांगितलंत, काहीतरी काम होतं.

बनुबाई : हेच काम हुतं.

क्रांती : आप्पा?

गुंडा : व्हय. पेटी सांगलीच्या गोडावनात पडलीती. त्या दिशी आनली न्हाई तर केरळाला माघारी जानार हुती. अर्द्या दिवसाची रजा टाकून गाडीवनं निगाला. अतिशय मागनं टेंपो घिऊन येनार हुता. माधवनगरच्या अलीकडं... डंपर आला मागनं.

क्रांती : एक वर्ष झालं. मी मुलगी आहे ना या घरची? मला हे कुणीच सांगितलं नाही!

गुंडा : मी कुनालाच सांगटलं न्हाई. मंगळवारी सांजचं आल्या आल्या त्येनं इचारलं, "आप्पा, आज पार्सल आलतं का काय?" म्या तोंड वर करून सांगटलं, न्हाई आलं. म्हनला, "बरं, येईल उद्या." जेवला, झोपला. पोराशी खोटं बोललो मी. ते एकच खोटं, जन्मात.

बनुबाई : एक वरीस ताट वाडतीया मी तुमास्नी. रोज भाकरी टाकताना वाटतंय, आज इचारू. का परत लावली? तुमास्नी न इचारता मागिवली म्हनून? खर्च केला म्हनून? बापाचा मान गेला व्हय, पोरानं आपल्या कमाईतनं एक वस्तू घेतली म्हनून? तुमी तवा आत घेतली असती तर ते गुरवारी कामावनं सरळ घरला आलं असतं. हितं, ह्या घोडीपाशी उबं ऱ्हायलं असतं. माज्या हातचा च्या पिलं असतं. कशापायी केलं ओ तुमी असं? आवं, सांगा की! आज तरी तोंड उगडा.

गुंडा : मानाचं काय न्हाई. खर्चाचं तर न्हाईच न्हाई. त्येच्या कष्टाचं हुतं ते.

बनुबाई : मग?

गुंडा : बनू, तू पेटी बगितलीस का नीट?

बनुबाई : बगितली की. आठ दिस झालं दारात हाय.

गुंडा : कशी हाय?

बनुबाई : कशी म्हंजे? लांबडी हाय. लाकडाची.

गुंडा : आठ फूट लांब. दोन हात रुंद. कच्च्या फळ्या ठोकलेली. फुडं एक गडी, मागं एक गडी, अशी खांद्यावनं उतरवली त्यांनी दारात. आनि वरच्या अंगाला काळ्या अक्षरात पुरं नाव. ऋषिराज गुंडा घाडगे. खाली गाव, तालुका, जिल्हा.

बनुबाई : मग काय झालं?

गुंडा : तसल्या दोन पेट्या मी पोचिवल्यात, फौजेत असताना, आत आमच्या पलटनीतली पोरं. एक मान तालुक्यात, एक खटावात. तुला कवा सांगटलं न्हाई. रेल्वेतनं दोन दिस, फुडं ट्रकातनं, पेटीच्या बाजूला बसून. वर असंच नाव आसायचं, बापाच्या नावासकट. असाच पत्ता. सा सा जनं लागायची उतराय, तरी खांदं भरून यायचं. मानमधल्या त्या पोराची आई दारात आली, हाताला पीठ लागलेलं. माज्या हातात कागद. मी म्हनलो, माऊली, हितं सई करा. तिनं अंगटा लावला. पिटाचा अंगटा उटला कागदावर.

क्रांती : आप्पा...

गुंडा : आनि मंगळवारी ते पोरगं वही फुडं करून मला म्हनतंय, सई करा. खाली बगतो तर पेटी. पेटीवर माज्या पोराचं नाव. आनि पोरगं जित्तं हाय, कामावर गेलंया, डबा घिऊन. त्यात होडी हाय का आनि काय हाय, माज्या ध्यानात बी आलं न्हाई. येवडंच आलं, ही घरात घ्यायची न्हाई. उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची न्हाई. जिकडनं आली तिकडं जाऊ दे. लांब जाऊ दे. म्हंजे माजं पोरगं वाचंल.

बनुबाई : आवं...

गुंडा : वाचंल म्हनून माघारी लावली गं. आनि ते तिच्याच मागं गेलं.

बनुबाई : आवं, मग हे सांगायचं न्हाई व्हय! एक सबूद! त्या मंगळवारीच सांगायचं, मला न्हाई तर त्येला.

गुंडा : काय सांगू? हवालदार गुंडा घाडगे पेटी बगून भ्याला? पोरगं हासलं असतं. आनि मागनं सांगायचं तर कुनाला सांगू? कोन उरलं हुतं ऐकायला? तुज्याकडं बगायचं धाडस न्हवतं मला. वाटायचं, हिला ठावं न्हाई ते बरं हाय. आज कळलं, तू रोज ठावं असून वाडत हुतीस.

बनुबाई : क्रांते, त्ये पानी दे त्यास्नी. बसा खाली. ती करवत द्या हिकडं.

क्रांती : घ्या आप्पा. हळू.

बनुबाई : आता माजं ऐका. ह्यापरास वंगाळ मी केलंया.

गुंडा : तू काय केलंस?

बनुबाई : त्येला ठावं हुतं.

गुंडा : कुनाला?

बनुबाई : ऋषीला. बुदवारी रातीच मोबाइलवर कागद आलता कंपनीचा, घरच्यांनी माल घेतला न्हाई म्हनून. गुरवारी सकाळी डबा घ्याय चुलीपाशी आला. मी म्हनले, इचार तुज्या बापाला, का परत लावली ती. मी तर भांडायच्याच तयारीत हुते. तर माज्या तोंडावर हात ठेवला त्येनं. म्हनला, "आय, आप्पास्नी काय बोलू नगंस. आप्पा उगंच काय करत न्हाईत. त्येंचं काय तरी कारन असंल. मी येताना सांगलीस्नं घिऊन येतो, मग बसून इचारू."

गुंडा : असं म्हनला?

बनुबाई : असंच म्हनला.

गुंडा : रागात?

बनुबाई : न्हाई ओ. हासत. डब्यातला चटनीचा वास घेत हुता.

गुंडा : कारन असंल म्हनला.

बनुबाई : व्हय. आनि मी हे एक वरीस दाबून ठेवलं. मुद्दाम. तुमी रातचं उटून बसायचा, मला दिसायचं. दोनदा तोंडाशी आलतं. पर म्हनलं, कशाला सांगू? माजं काळीज जळतंय, यांचं बी जळू दे. पोरानं माफ केलं तर केलं, मी करनार न्हाई. पोराचा निरोप हुता तो तुमच्यासाटी, आनि मी गिळून बसले. हे चुकलं माजं. लय चुकलं.

गुंडा : न्हाई. तुजं काय चुकलं न्हाई. तुला कारनच दिसलं न्हाई तर...

बनुबाई : त्येला तरी कुटं दिसलं हुतं? तरी म्हनला का न्हाई!

क्रांती : आई, आप्पा, पुरे करा आता. दोघंही पुरे करा. माझ्याच्यानं बघवत नाही.

बनुबाई : रडू नगंस तू. रडून काय हुतंय? एक वरीस रडलोच की, तिगं तीन कोपऱ्यांत. उट. परड्यात पुरातल्या इटा हायत बग, कपाटाच्या पायाखाली घातल्याल्या. धा-बारा घिऊन ये. आनि न्हानीपाशी ती रुंद फळी हाय, ती बी आन.

क्रांती : कशाला?

बनुबाई : आन तर. घोडी कापायची न्हाई म्हनले म्हंजे न्हाई. हितं घोडीपाशी दोन्ही टोकास्नी इटा रच, सारख्या. वर फळी टाक. हां. हलती का बग. आता या तुमी. चडा.

गुंडा : मी?

बनुबाई : मग काय मी? घोडी खाली यायची न्हाई, तुमीच वर या. माजा खांदा धरा. पडू नका म्हंजे झालं.

(गुंडा बनुबाईच्या खांद्याला धरून फळीवर चढतो.)

क्रांती : बसली! आप्पा, बघा, कमरेला बसली.

बनुबाई : हात टेका. दाब येतो का?

गुंडा : येतो. बराबर येतो.

बनुबाई : मग झालं तर. कवाधरनं करवत घिऊन नाचत्यात.

गुंडा : बनू.

बनुबाई : काय आता?

गुंडा : हितनं नदी दिसती गं.

बनुबाई : कुटनं?

गुंडा : ह्या झरोक्यातनं. म्हशींच्या वाऱ्यासाटी ठिवलेला न्हाई का, ह्यातनं. उसाच्या वरनं पार पल्याडचा काठ दिसतोय. वीस वर्सं ह्या गोट्यात शेन काडलं, वैरन घातली, मला कवा दिसली न्हाई.

बनुबाई : तुमचं डोस्कंच पोचत नसंल तितवर.

गुंडा : त्येचं पोचत हुतं. म्हनून घोडी हितं मांडलीया त्येनं, ह्या तोंडाला. मी मघाशी म्हनत हुतो, उजेडाकडं सरकवूया. बरं झालं सरकवली न्हाई.

क्रांती : आप्पा, आता जागा झाली ना तयार? पुस्तकातलं सगळं झालं. सपाट, कोरडी, झाडलेली, कमरेएवढी.

गुंडा : झाली.

बनुबाई : मग उतरा. पेटी आत घ्यायची.

गुंडा : अतिशयला बलवूया का? तो नि त्येचा चुलतभाऊ येतील सांजच्याला.

बनुबाई : कुनी नगं. आपुनच. लई दिस दारात उबं केलंया तिला. क्रांते, ताडपत्री काड.

क्रांती : वरचा तो नावाचा कागद... फाडून टाकू का आई? आप्पांना त्रास होईल.

बनुबाई : का फाडायचा? त्येचंच सामान हाय, त्येच्याच नावानं आत येऊ दे. तुमी फुडनं धरा ओ. मी मागनं हाय. क्रांती मदी हात देईल.

गुंडा : न्हाई, तू फुडं हो. मागची बाजू जड असती.

बनुबाई : बरं, तसं. धरलं का? घाबरू नका. मी हाय हिकडं.

गुंडा : धरलं.

बनुबाई : उचला.

गुंडा : ...बनू.

बनुबाई : काय झालं? लागलं का कुटं? ठिवू का खाली?

गुंडा : नगं, ठिवू नगंस. आगं, हलकी हाय ही. लय हलकी हाय. खताच्या पोत्यायवडी बी न्हाई.

बनुबाई : व्हय ओ. पातळ फळ्या तर हायत्या. उंबरा आला बगा फुडं. पाय उचला.